बिननाडीचा कोट

पहिल्याच भेटीत त्यानं तिचा गज खोटा ठरवला.

"तीन मिलिमीटर कमी आहे," तो म्हणाला. दुकानातली लोखंडी मीटरपट्टी (तिला तिथं अजून गजच म्हणत) त्यानं आपल्या पितळी मापाशेजारी काउंटरवर ठेवली होती आणि एक डोळा मिटून दोन्हींच्या टोकांकडे बघत होता. "झिजलाय. ह्या टोकाला."

"झिजेलच," ती म्हणाली. "बाबांच्या लग्नाआधीपासूनचा आहे. तीस वर्षं काउंटरवर आपटलं तर तुम्हीही तीन मिलिमीटर कमी भराल."

वजनमाप खात्याच्या माणसाचं पेन वहीवर एक क्षण थांबलं. हसला मात्र नाही. "गिऱ्हाइकाचं नुकसान होतं," एवढंच म्हणाला आणि गजावर लाल चिठ्ठी चिकटवली.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. तो थांबेपर्यंत साहेबांना थांबणं भाग होतं. दुकान ताडपत्रीचं आणि जाड कापडाचं. स्कूटरच्या सीटची कव्हरं, सुतारांच्या हत्यारांच्या पिशव्या, वेल्डरचे एप्रन असलं सगळं तिथं शिवून मिळे. शिवणारी ती एकटीच. बाबा दारापाशी खुर्चीत बसत. डोळे अधू झाल्यापासून त्यांनी मशीन सोडलं होतं, बोलणं सोडलं नव्हतं.

"साहेबांना चहा सांग गं."

"ड्यूटीवर घेत नाही," साहेब म्हणाले.

"मग ड्यूटी संपवा आणि घ्या."

त्यानं घेतला नाही. पण भिंतीवरच्या एका एप्रनपाशी जाऊन त्याचं टोक दोन बोटांत धरलं, दुमडलं, सोडलं. कापड सावकाश, नाराजीनं सरळ झालं.

"हे फारसं वाकत नाही."

"वेल्डरचं आहे. वाकायला कशाला हवं?"

"ह्याचा कोट होईल?"

"होईल की. पण घालून बसता नाही यायचं."

"बसायचं नाहीये," तो म्हणाला. "झोपायचंय."

तिनं बाबांकडे बघितलं. बाबांनी आवाजाच्या दिशेनं बघितलं. "एवढी थंडी वाजते साहेबांना?"

मग त्यानं सांगितलं. रायफल नेमबाजी. चटईवर पालथं झोपून, पन्नास मीटरवरच्या कागदावर साठ गोळ्या. मधलं दहा गुणांचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं. कोट जाड हवा, म्हणजे अंग स्थिर राहतं.

"झोपून खेळायचा खेळ आहे," बाबा हळहळले, "आणि इतक्या वर्षांत आम्हाला कोणी सांगितलंसुद्धा नाही."

कोटाचे नियम त्याला तोंडपाठ होते. पट्टा नको, वेल्क्रो नको, नाडी नको. म्हणजे अंगावर असताना कोट कमीजास्त आवळायची कसलीही सोय नको. फक्त बटणं. आणि बटणं लावून झाल्यावर कोटाची एक बाजू दुसरीवर आणखी सात सेंटिमीटर ओढता आली पाहिजे. सामन्याआधी टेबलावर माणूस बसलेला असतो, तो पट्टी लावून बघतो.

"म्हणजे फार घट्ट चालत नाही," ती म्हणाली.

"चालत नाही. आणि सैल झाला तर बंदुकीचा दस्ता खांद्यावरून सरकतो."

"घट्टही नको, सैलही नको. लोक असलं स्थळ शोधतात साहेब, कोट नाही शोधत."

ह्या वेळी त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. किती, ते त्याच्या पितळी मापानंच सांगता आलं असतं.

मागच्या वर्षी कोणाचा तरी जुना कोट घालून तो गेला होता. टेबलावरच्या माणसानं तो नापास केला. नुसत्या स्वेटरवर साठ गोळ्या मारल्या, अकरावा आला. बंदूक क्लबची होती, वापरायला दिलेली. सहा आठवड्यांनी निवडीचा सामना होता. पहिले तिघं संघात जाणार, तो तिघांत आला तर बंदूक त्याच्याकडेच राहणार, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला. स्वतःची घेणं त्याच्या पगारात बसत नव्हतं.

"मी चौतीसचा आहे," तो म्हणाला. "ह्या वेळी नाही झालं, तर माझं संपलं."

हे त्यानं 'तीन मिलिमीटर कमी आहे' ज्या आवाजात सांगितलं होतं, अगदी त्याच आवाजात सांगितलं. रडगाणं गायला असता तर तिनं काम जास्त आहे म्हणून सांगून टाकलं असतं. तिला रडक्या गिऱ्हाइकांचा कंटाळा होता. ह्याला मात्र ती म्हणाली, "शनिवारी या. मापं घेऊ."

*

शनिवारी तिनं कापायचं टेबल मोकळं केलं.

"उभ्यानं नाही घ्यायची?" त्यानं विचारलं.

"झोपून घालणार ना? मग झोपूनच घ्यायची. चढा."

तो चढला, पालथा झाला, कोपरं टेकली. बंदूक म्हणून बाबांची काठी त्याच्या हातात दिली. एक डोळा मिटून त्यानं काठीचा नेम समोरच्या कपाटावर धरला, तेव्हा तिला हसू आलं आणि तिनं ते गिळलं. हात पुढे घेतल्यावर पाठ किती रुंद होते, बाही कुठून सुरू होते, डाव्या दंडावर बंदुकीचा पट्टा कुठे बसतो... ती मापत गेली, खडूनं टेबलाच्या कडेला आकडे मांडत गेली. त्याच्या शर्टाचं दुसरं बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं, आणि पुरुषानं लावल्यासारखं लावलेलं होतं. म्हणजे घरी लावणारं कोणी नव्हतं. हे तिनं पाहिलं. टेबलावर मात्र लिहिलं नाही.

"जरा उचला." टेप छातीखालून सरकवून तिनं पाठीवर दोन्ही टोकं जुळवली. त्यासाठी तिला वाकावं लागलं. तिची वेणी खांद्यावरून घसरून त्याच्या कोपरापाशी पडली. "श्वास सोडा."

"सोडला."

"एकशे दोन," ती म्हणाली.

पुढचे तीन आठवडे कोट आकार घेत राहिला. बाह्या पुढच्या बाजूला वळवून लावल्या होत्या, त्यामुळे हँगरवर तो कोणाला तरी मिठी मारायला निघाल्यासारखा दिसे. येता-जाता बाबांचा हात त्याला लागे. "हा कोणाला धरायला निघालाय गं?"

एरवी दोन ट्रायलमध्ये काम उरकतं. हा माणूस चार वेळा आला. एकदा कोपराच्या रबरासाठी, एकदा खांद्याच्या खरखरीत चामड्यासाठी. एकदा... त्या वेळचं कारण दोघांनाही नंतर आठवेना. चहा मात्र घेऊ लागला होता.

"आज ड्यूटी नाही वाटतं?" ती विचारी.

"आहे. ह्या गल्लीतले वजनकाटे तपासायचेत."

"ह्या गल्लीत तराजू एकच आहे साहेब. समोरच्या रद्दीवाल्याचा."

"तो फार बारकाईनं तपासावा लागतो."

"इतक्यांदा तपासून तो बिचारा आता खरं वजन करायला लागला असेल."

"हो ना," तो गंभीरपणे म्हणाला. "चहा झाला असेल तर दुसरा तराजू बघावा म्हणतो. कुठे आहे का?"

शेवटच्या ट्रायलला तिनं पाचही बटणं लावली, खालून वर. काजं नवीन, कडक. प्रत्येक बटणाला अंगठा रेटावा लागत होता. तो कपाटाकडे बघत उभा होता, कपाटात बघण्यासारखं काही नव्हतं. कोट असा बसला की कुठे चुणी नाही. तिनं वरची बाजू ओढून पट्टी लावली. सात. सव्वासात नाही, पावणेसात नाही.

तिच्या हातून गेलेली वस्तू आजवर परत आली नव्हती. ही तर तिनं स्वतःच्या नजरेनंच पुन्हा पुन्हा पाहिली, आणि घडी घालता येत नाही म्हणून हँगरसकट दिली.

*

तीन दिवसांनी वस्तू परत आली. हँगरसकट.

"कोट वाढलाय," तो म्हणाला. ओशाळला होता.

"कापड वाढत नाही साहेब. माणसं वाढतात."

"रेंजवर आमच्या कोचबाईंनी पट्टी लावली. अकरा आले."

"अकरा? सातच्या जागी? कोट काय रस्त्यात जेवला?"

तिनं तो त्याला पुन्हा घालायला लावला. पाच बटणं लावली. ओढलं. पट्टी लावली. सात.

दोघंही त्या सातकडे बघत राहिले.

"तुमची टेप..." तो म्हणाला.

हे बोलायला नको होतं. तिनं टेप त्याच्यासमोर आपटली. "तपासा. तुमचा धंदाच आहे."

त्यानं पितळी माप काढलं आणि खरोखरच तपासलं. टेप बिनचूक होती. मग तिनं त्याला कोट काढायला सांगून छाती पुन्हा मोजली. एकशे दोन. तिनं टेप गळ्यात टाकली आणि हाताची घडी घातली.

"आण इकडे," बाबा खुर्चीतून म्हणाले. "या हो साहेब." त्यांनी त्याच्याभोवती टेप गुंडाळली, बोटांनी आकडे चाचपले. बाबांची टेप जुनी, दर सेंटिमीटरला शिवणीचा टाका घातलेली. "अठ्ठ्याण्णव."

"बाबा, चष्मा घाला."

"बोटांना चष्मा लागत नाही गं."

"एकशे दोन आहे बाबा. मी तीनदा मोजलंय."

"असेल बाई. मी आपला म्हातारा." बाबांनी हे इतक्या पटकन कबूल केलं की तिथंच तिला शंका यायला हवी होती. आली नाही. आपलं माप चुकत नाही हे ज्याला पक्कं माहीत असतं, त्याला बाकी फारसं काही दिसत नाही.

सामना दहा दिवसांवर आला. दुकानाचा फोन वाजला.

"मी रेंजवरून बोलतेय, कोच. तुम्हीच ना तो कोट शिवलाय? अहो, त्यात त्याची नाडी फार दिसते."

"नाडी?" तिचा आवाज चढला. "कोटाला नाडी लावायची नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. मी लावलेलीच नाही! दिसेल कुठून?"

पलीकडून बाईंच्या हसण्यानं फोन खरखरला. "अहो, ती नाही. ही आपली, मनगटातली. कोट सैल पडतो म्हणून तो दंडावरचा पट्टा आवळतो. पट्टा आवळला की दंडातले ठोके सरळ बंदुकीत जातात. नळी टुकटुक हलताना दिसते मला दुर्बिणीतून. असंच चाललं तर ह्या वेळी तो पहिल्या दहातही यायचा नाही. या तुम्ही. स्वतः बघा."

*

रेंज म्हणजे एका बाजूनं उघडी लांबलचक पत्र्याची शेड. पत्र्यावर पाऊस वाजत होता. दहा चटया, त्यातल्या सहांवर सहा माणसं पालथी पडलेली, आणि मध्ये तिपाईवर दुर्बीण लावून कोचबाई. साठीच्या, रुंद, कानटोपी घातलेल्या. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, ते त्यांनी सांगायची गरज नव्हती.

ती शेडच्या दारात उभी राहिली आणि तिथून तिनं आपला कोट पाहिला. पाचव्या चटईवर. पाठीवर पोतं टाकल्यासारखा. खांद्यापाशी फुगा, काखेत चुण्या. तिला स्वतःची लाज वाटली. सगळ्यांच्या देखत कोणी आपली चुकीची शिवण उसवावी तशी.

ती झपाझप चालत गेली आणि चटईशेजारी गुडघ्यावर बसली. "कुठे सैल आहे, दाखवा."

त्यानं मान वळवली. ती आहे हे पाहिलं, आणि कोट बसला. डोळ्यांदेखत. चुण्या ताणल्या, फुगा नाहीसा झाला, बटणं काजांत रुतली.

"हा तर नीट बसलाय!"

"बाई," मागून कोचबाई म्हणाल्या, "जरा दाराशी जाता?"

ती गेली. कोट सैल पडला.

"आता या."

ती आली. कोट घट्ट झाला.

"पुन्हा जा."

"मी काय कवायत करायला आलेय का?" ती म्हणाली, पण गेली. दाराशी पोचून वळली, आणि त्याची पाठ हळूच खाली जाताना तिनं पाहिली. चार सेंटिमीटर. अठ्ठ्याण्णव. बाबांच्या बोटांना कधीच कळलं होतं.

इतर पाच चटयांवरचे नेम एव्हाना थांबले होते. कोणीतरी खोकलं, खोकला खरा नव्हता.

"कोटाला काही झालेलं नाही," कोचबाईंनी दुर्बिणीवर झाकण घातलं. "गेले महिनाभर तुम्ही छाती भरलेल्या माणसाची मापं घेताय. नेमबाज श्वास सोडून गोळी मारतो. हा तुमच्यासमोर सोडतच नाही." मग शेडभर ऐकू जाईल असं, "चला, सगळ्यांनी बंदुका खाली ठेवा! पाच मिनिटं चहा!" आणि जाता जाता, पाचव्या चटईकडे न बघता, "पोटात काय धरून ठेवलंयस ते बोलून टाक बाबा. सामना रविवारच्या पुढल्या रविवारी आहे."

शेड रिकामी झाली. पत्र्यावर पाऊस.

ती चटईशेजारी बसली. करण्यासारखं काहीतरी असावं म्हणून तिनं खडू काढला. तो पालथाच होता, तोंड पन्नास मीटर पलीकडच्या कागदाकडे. त्या कागदालाच सांगितल्यासारखं त्यानं सुरू केलं.

"तुम्ही टेप घेऊन वाकता ना... तेव्हा श्वास सोडायला भीती वाटते."

"कसली?"

"ऐकू जाईल अशी."

"श्वासात काय ऐकू जाणार?"

त्याची पाठ तशीच, ताणलेली.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "गजाला नाव ठेवलं त्या दिवसापासून. म्हणजे तुम्ही मला काउंटरवर आपटायचं म्हणालात, तेव्हापासून. रद्दीवाल्याचा तराजू मी एकदाही तपासला नाही..."

आणि शब्दांबरोबर श्वास सुटला. सगळा. कोटाची पाठ खाली बसली, काखेत चुणी पडली, बटणांजवळ कापड सैल झालं. तिनं आयुष्यात इतकं स्वच्छ माप पाहिलं नव्हतं.

"हलू नका!" ती ओरडली.

"काय?"

"हलू नका म्हणते ना! असेच राहा. श्वास घेऊ नका." तिनं खडूनं पहिल्या बटणाची नवी जागा मारली. दुसऱ्या. तिसऱ्या. हात त्याच्या छातीखाली घालून, गाल जवळजवळ त्याच्या खांद्याला लावून, चौथ्या आणि पाचव्या.

"झालं?" तो गुदमरत म्हणाला.

"झालं."

"मग... तुमचं काय?"

तिनं तोवर चार टाचण्या तोंडात धरल्या होत्या. टाचण्या लागणार नव्हत्या, खडूनं काम झालं होतं. पण तोंडात टाचण्या असलेल्या बाईला कोणी उत्तर मागत नाही. तिनं हातानंच खूण केली. थांबा.

*

बटणं उसवून चार सेंटिमीटर आत लावायला तिला एक दुपार लागली. मेणाचा दोरा, प्रत्येक बटणाखाली दोऱ्याचा दांडा, दांड्याला आठ वेढे. बाबा खुर्चीतून ऐकत होते.

"अठ्ठ्याण्णव ना?"

"हो बाबा."

"मग काय म्हणाला तो?"

"कोण काय म्हणणार?"

"बरं. नसेल म्हणाला."

तिनं दोरा तोडला. उत्तर तिला माहीत नव्हतं असं नाही. चहाचे दोन कप आपण आपोआप सांगायला लागलो, तेव्हाच ते कळायला हवं होतं. याआधी दोन स्थळं आली होती. एकाला तिच्या हाताचे घट्टे खटकले, दुसऱ्याला दुकान. ह्यानं दुकानातली खोट पहिल्या दिवशीच वहीत लिहून घेतली होती आणि तरी परत आला होता. पण तिनं ठरवलं, सामना होईपर्यंत बोलायचं नाही. उगाच त्याचं मन हलायला नको. 'हो' म्हटलं तर हुरळेल, नेम चुकेल. गप्प राहिलं की शांत राहील.

कोट तिनं कोचबाईंच्या हाती पाठवला. रेंजवर पुढचे सगळे दिवस तो उत्तम चालला, कारण ती तिथं नव्हती. बाईंचा तसा निरोप आला, पट्टी सात दाखवतेय, नाडी दिसत नाही. कुठलीच.

शांत राहण्याबद्दलचा तिचा हिशेब किती कच्चा होता, ते सामन्याच्या सकाळी तपासणीच्या टेबलापाशी कळलं.

कोट शिवणारी म्हणून तिला दोरीच्या अलीकडे उभं राहायची परवानगी होती. त्याचा नंबर आला. त्यानं तिला पाहिलं. मान हलवली, पुढे गेला. तपासनीस चष्मेवाला, थकलेला, सकाळपासूनचा चाळिसावा कोट. त्यानं बाजू ओढली, पट्टी लावली.

"चार."

ती दोरीवरून पुढे वाकली.

"श्वास सोडा," तपासनीस म्हणाला. "नेहमीसारखे उभे राहा."

"सोडलाय."

"सोडलेला नाही. सगळे घट्ट कोट घालूनच येता आणि मला शिकवता." पुन्हा पट्टी. "साडेचार. सात हवेत."

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे, फोटो काढत नाहीयेत तुझा! पोट सोड!" रांग हसली. तो हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते आणि डोळे पुन्हा तिच्याकडे आले. त्या डोळ्यांत दहा दिवसांचं थांबणं होतं. मग तिला कळलं. उत्तर न देऊन तिनं त्याला शांत ठेवलं नव्हतं. त्याचा श्वास तिच्या चार टाचण्यांपाशी अडकून राहिला होता.

"शेवटचं बघतो," तपासनिसानं पट्टी उचलली. "नाही भरलं तर कोट इथंच काढून ठेवा आणि तसेच खेळा."

"हो!" ती दोरीवरून म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. तपासनिसानंही.

"काय हो?"

"तुम्हाला नाही," ती म्हणाली. "त्यांना. हो म्हणून सांगा त्यांना."

सांगायची गरज नव्हती. पट्टी लावलेल्या हातापाशी कोट आपोआप सैल पडत गेला. पाच, सहा... तपासनिसानं चष्मा वर करून पाहिलं.

"सात," तो म्हणाला. "शिक्का मारा. पुढचा."

*

त्यानंतर कोचबाईंनी तिला रेंजच्या फाटकाबाहेर नेऊन सोडलं. "आता इथून आत पाऊल टाकायचं नाहीस तू. साठ गोळ्या होईपर्यंत."

सायकली लावायच्या जागेपाशी एक बाक होता. आतून सुकी काटकी मोडावी तसे आवाज येत होते, कधी एक, कधी चार एकदम. त्यातला त्याचा कोणता, ते ओळखायचा तिनं प्रयत्न केला आणि सोडून दिला. फोन वाजला.

"काय झालं गं?" बाबा.

"माहीत नाही. मला आत जाऊ देत नाहीत."

"का?"

"माझ्यामुळे त्यांचं बिघडतं म्हणे."

"अरे देवा," बाबा म्हणाले. "मग लग्नानंतर तू काय, ह्याच्या खेळाच्या दिवशी सायकलींजवळ बसणार?"

"लग्नाचं कोणी बोललं?"

"अठ्ठ्याण्णवचंही कोणी बोललं नव्हतं." बाबांनी फोन ठेवला.

काटक्या मोडायच्या थांबल्या. बऱ्याच वेळानं तो आला. कोट अंगातच, एक हात दुसऱ्या हातानं चोळत. पट्ट्यानं बोटं बधिर होतात, त्याचा चेहरा मात्र बधिर नव्हता. तिनं आधी कोटाचं विचारलं. तेवढं विचारायचा हक्क तिच्याकडे आधीपासून होता.

"कोट?"

"हलला नाही."

"आणि तुम्ही?"

"चाळिसाव्या गोळीला थोडा. वारा फिरला, मला उशिरा कळलं."

"कितवे?"

"तिसरा."

ती उभी राहिली. मग आपण का उभे राहिलो ते न समजून पुन्हा बसली. तो शेजारी बसायला गेला, कोटानं बसू दिलं नाही, म्हणून तो तिच्यासमोर तसाच उभा राहिला, हात पुढे आलेले.

"गुरुवारी निघायचंय," तो म्हणाला. "संघाचं शिबिर. आठ महिने. बसनं पाच तास आहे इथून."

पाच तास, आठ महिने. दोन्ही आकडे तिनं ऐकून घेतले. बंदूक राहिली होती, आणि बंदुकीमागोमाग तो निघाला होता. आपणच शिवलेल्या कोटात. रडावं असं काही नव्हतं. तिनं हात लांब करून त्याचं वरचं बटण सोडवलं आणि काजावरून अंगठा फिरवला.

"काजं नवीन आहेत," ती म्हणाली. "रोज बटण आत-बाहेर झालं की ताणतात. महिन्याभरात सैल पडतील. पुन्हा बघावी लागतील."

"पार्सलनं पाठवीन."

"पार्सलनं नाही चालायचं. नुसत्या कोटाची मापं मी घेत नाही." तिनं दुसरं बटण सोडवलं. "अंगात घालून यायचंस."

त्यानं तो शब्द पकडला. "यायचंस?"

"हो," ती बटणाकडे बघत म्हणाली. "यायचंस. महिन्याला एकदा."

तिसरं बटण. चौथं. पाऊस केव्हा थांबला होता, दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"महिना फार होतो गं," तो म्हणाला.

तिनं पाचवं बटण हातात धरलं, वर पाहिलं. आयुष्यात एकही टाका कच्चा न घातलेली बाई ती. थोडा विचार केला.

"मग गुरुवारच्या आत आण," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत सैल पडतील अशी काजं करून देते."